कागद निघाला, पण पोचला का? मुंबई इलाख्यातील सरकारी नोटिसांचा आढावा

१८७५ साली मुंबई इलाख्यात दोन गोष्टी घडल्या. कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात पसरलेल्या खडकांवर प्राँग्जच्या दीपस्तंभाचा दिवा लागला. आणि १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले, कर्जरोखे हिसकावून त्यांनी ते जाळले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन नोंदी शेजारी येत नाहीत. एक बंदराच्या प्रकरणात असते, दुसरी शेतकऱ्यांच्या उठावांत. पण दोहोंशी सरकारी कागदाचा जवळचा संबंध आहे. दिव्याबद्दलचा कागद दर्यावर्दी लोकांसाठी असे: दिवा कोठे आहे, कोणत्या रंगाचा, पाण्यापासून किती उंच, किती मैलांवरून दिसेल. सुप्याच्या मागचा कागद म्हणजे समन्स, डिक्री आणि जप्तीचा हुकूम. पहिल्या कागदातली गोष्ट रात्री प्रत्यक्ष डोळ्यांना दिसत होती. दुसऱ्या कागदातली गोष्ट ज्याच्या जमिनीवर उठणार होती, त्यालाच ती पुष्कळदा कळलेली नसे.

इंग्रजी अमदानीतल्या सरकारी सूचनांचा विचार याच टोकापासून करायला हवा. सरकारने काय ठरवले हे कायद्याच्या ग्रंथांत सापडते. ठरवलेले लोकांपर्यंत कसे गेले, कोणत्या भाषेत गेले, कोणाच्या तोंडून गेले, याचा शोध फार थोड्यांनी घेतला आहे. या लेखात तीन क्षेत्रे घेतली आहेत: समुद्रावरची वाहतूक, न्यायदान आणि रेल्वेचे भाडे. सामान्य माणसाची सरकारशी गाठ महसुलाखालोखाल येथेच पडे. कोकणातला माणूस आगबोटीने मुंबईला जाई, देशावरचा रेल्वेने, आणि कोर्टाची पायरी दोघांनाही चुकत नसे. काळ १८१८ ते १९४७ एवढा धरला आहे.

दवंडीपासून ग्याझेटपर्यंत

‘नोटीस’ हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वी आपल्याकडे दवंडी होती, ताकीदपत्र होते, जाहीरनामा होता. दवंडी देण्याचे काम बहुतेक गावांत महार वतनदारांकडे असे. सरकारचा शब्द घराघरांत नेणारा हा माणूस स्वतः मात्र गावाच्या कडेला राहत होता. तरी त्याच्या आवाजात एक सोय होती. ऐकायला अक्षर ओळखावे लागत नसे आणि समजले नाही तर तिथल्या तिथे विचारता येई.

महाराष्ट्रात इंग्रजी सत्तेची सुरुवातही अशाच एका जाहीर कागदाने झाली. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाची सत्ता संपल्याचे त्यात सांगितले होते. वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील, कोणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही, महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत बंद होईल, अशी आश्वासनेही होती. तलवारीने जिंकलेला मुलुख शांत राहावा म्हणून काढलेला हा कागद लोकांना समजेल अशाच रीतीने काढणे सरकारला भाग होते. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुसंख्य नोटिसांना ही निकड राहिली नाही. राज्य बसले होते.

एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२७ मध्ये इलाख्याचे कायदे एकत्र झाले. त्यांतल्या चौथ्या रेग्युलेशनचे २६ वे कलम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. दिवाणी दाव्यात आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशने पाहावीत, ती नसतील तर देशाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यांपैकी काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक, असा क्रम त्यात लावला होता. वहिवाट लोकांना पाठ असते, तिची नोटीस काढावी लागत नाही. रेग्युलेशनचे तसे नाही. ते कोणीतरी वाचून सांगावे लागते. क्रमात रेग्युलेशन वर गेले आणि वहिवाट खाली आली, तेव्हाच वाचता येणारा आणि न येणारा यांच्यातले अंतर न्यायाच्या कामात शिरले.

याच सुमारास छापखाना हाताशी आला. १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत निघू लागले. सरकारी हुकूम आणि नेमणुका सरकारी ग्याझेटात छापून येऊ लागल्या. छापण्याला हळूहळू कायद्याचेही बळ मिळाले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सरकारी ग्याझेटाची प्रत कोर्टाने खरी धरून चालावे असे ठरवले. छापले की प्रसिद्ध झाले आणि प्रसिद्ध झाले की सर्वांना माहीत झाले, अशी राज्यकारभाराची समजूत पक्की होत गेली. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातले साक्षर लोक शंभरांत साधारण पाच भरले, आणि स्त्रियांत शंभरांत एकही धड नव्हती. ही समजूत आणि हा आकडा एकाच देशातले आहेत.

लिपीची अडचण वेगळीच. कचेरीतले मराठी लिखाण मोडीत चाले आणि छापील मजकूर बहुधा बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, असे. कुळकर्ण्याला मोडी येई, शाळेत गेलेल्या मुलाला बाळबोध येई, दोन्ही सफाईने वाचणारा गावात एखादाच. सरकारी कामात मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचे धोरण १९१७ मध्ये आले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे एकाच सरकारचा शब्द दोन लिप्यांत हिंडत होता.

भाषेबद्दल तर मराठीत मोठा वादच झाला. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. मेजर कँडी पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून वजनदार झाले आणि त्यांनी वळण लावलेल्या मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी कडाडून टीका केली. तो वाद साहित्याचा म्हणून सांगितला जातो. मला तो कारभाराचाही वाटतो. वाक्याचा बांधा परका असला की कादंबरीच्या वाचकाला कंटाळा येतो. नोटीस वाचणाऱ्याची मात्र अपिलाची मुदत हुकते.

दर्यावरच्या सूचना

तिन्ही क्षेत्रांत समुद्रावरच्या सूचना सर्वांत नेमक्या होत्या. कारण उघड आहे. खडक कोणालाच ओळखत नाही. साहेबाची आगबोट आणि तांडेलाची फत्तेमारी एकाच खडकावर फुटतात, त्यामुळे धोक्याची खूण दोघांना समजेल अशी ठेवावी लागते.

खांदेरीचा दीपस्तंभ १८६७ मध्ये उभा राहिला, प्राँग्जचा १८७५ मध्ये. मधल्या काळात, १८७३ मध्ये, मुंबईचे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाले आणि बंदराचा कारभार एका हाती आला. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. बंदर वाढत गेले तशा सूचनाही वाढल्या. नवा दिवा, हलवलेले बोये, बुडालेल्या गलबताची जागा, पाण्याची खोली, नांगर कोठे टाकायचा, स्फोटक माल कोठे उतरवायचा, अशा सूचना ग्याझेटात आणि बंदर खात्याच्या फलकांवर येत. मजकूर इंग्रजीत असला तरी त्याचे अखेरचे रूप दिवा, बोया आणि बावटा हेच असे. तांडेलाला छापील अक्षर न येवो, दिव्याची उघडझाप त्याला मोजता येई.

वादळाच्या इशाऱ्यांचेही तसेच. १८६४ मध्ये कोलकात्याला झालेल्या भयंकर वादळानंतर बंदरांना आगाऊ इशारा देण्याची निकड सरकारला पटली. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. बंदरावरच्या काठीला दिवसा गोळे आणि शंकू चढवायचे, रात्री दिवे लावायचे, अशी पद्धत पडली. कोकणच्या भाषेत हाच ‘बावटा’. आजही किनाऱ्यावर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटले की मच्छीमार होडी वर ओढतो. सरकारी सूचना लोकांच्या बोलीत इतकी मुरल्याचे याहून चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर न जाण्याची कोळ्यांची रीत आणि पावसाळ्यात लहान गलबतांना अटकाव करणारे बंदराचे नियम यांच्यात भांडण नव्हते. सूचना लोकांच्या अनुभवाला धरून आली, म्हणून ती टिकली.

उतारूंच्या बाबतीत चित्र इतके चांगले नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत आगबोट पणजीकडे जाई. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर पाण्यात उभी राही, आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. लाट उसळत असताना पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकणाऱ्या बाईला कोणता नियम वाचायला सवड मिळणार? १८८४ च्या आगबोटींच्या कायद्याने प्रत्येक बोटीची तपासणी आणि तिचा दाखला सक्तीचा केला आणि तो दाखला बोटीवर ठळक जागी लावण्यास सांगितले. बोटीत किती उतारू घ्यायचे ही गोष्ट सर्वांसमोर राहावी, हा हेतू योग्य होता. पण फलक लावणे आणि उतारूंना मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत.

ती वेगळी राहिल्याची किंमत मोठी होती. नोव्हेंबर १८८८ मध्ये ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली आणि सातशेहून अधिक माणसे गेली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकणच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे मेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे बातमी मुंबईत पोचायला कित्येक तास लागले. खडकाची सूचना बोटीपर्यंत जात होती. बोटीची हाक किनाऱ्यापर्यंत येत नव्हती.

समन्स आणि डिक्री

न्यायखात्याच्या कागदांकडे वळले की सुप्याचा प्रश्न समोर येतो. त्याचे मूळ १८५९ च्या दोन कायद्यांत आहे. मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. दिवाणी कामकाजाच्या कायद्याने दाव्याची सारी रीत कागदावर बांधली. मुदत थोडी ठेवली तर कुणबी जुन्या कर्जाच्या ओझ्यातून लवकर सुटेल, अशी अपेक्षा होती. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार दाव्याची धमकी देई आणि कुणबी व्याजासकट नव्या रोख्यावर अंगठा उठवी. व्याजाचे मुद्दल होत गेले.

मग दावा लागे. समन्स घेऊन कोर्टाचा शिपाई गावात येई. प्रतिवादी सापडला नाही तर समन्स घराच्या दारावर डकवण्याची सोय कायद्यात होती. मोकळ्या मनाने पाहिले तर ही सोय वाजवी आहे, कारण दडून बसणाऱ्याला काहीतरी उपाय हवा. पण तालुक्याचे कोर्ट वीस-पंचवीस मैलांवर, पेरणीचे दिवस, वकिलाला द्यायला पैसा नाही, दारावरचा कागद वाचायला घरात कोणी नाही, आणि शिपाई खरोखर दारापर्यंत आला होता की नाही हे सांगायलाही कोणी नाही. अशा घरात तो कागद असून नसल्यासारखा. तारखेला प्रतिवादी हजर नसे आणि एकतर्फी डिक्री होई. १८७५ च्या दंग्यानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने सावकारी दाव्यांत एकतर्फी निकालांचे प्रमाण फार मोठे असल्याचे नोंदवले. कुणब्याला कर्जाचा आकडा पुष्कळदा जप्तीच्या वेळीच पहिल्यांदा ऐकू येई.

या अनुभवातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. व्याजाला आळा घालणारा कायदा म्हणून तो बहुतेकांना माहीत असतो. माझ्या मते त्याचा खरा कणा वेगळा आहे. कागद शेतकऱ्याच्या घरी गेला एवढ्यावर विसंबून निकाल देऊ नये, हे इंग्रजी राज्याने येथे पहिल्यांदा मान्य केले. कोर्टाने प्रतिवादीला शक्यतो समोर बोलावून त्याची जबानी घ्यावी. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहार सुरू झाल्यापासूनचा हिशेब तपासावा. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा. फेडीची पावती आणि हिशेबाचे पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला असावा. दाव्याआधी तडजोडीची एक पायरी असावी. या प्रत्येक तरतुदीत कागदाच्या जोडीला एक माणूस उभा केला आहे, जो कागदाचा अर्थ तोंडाने सांगेल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालच्या विशेष न्यायाधीशाच्या कामात आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवली. १९०५ मध्ये हा कायदा साऱ्या इलाख्याला लागू झाला.

लोकांकडूनही उत्तर आले होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी केली आणि पुढे लवाद कोर्टांचा उपक्रम हाती घेतला. आपली भाषा बोलणारे, आपला व्यवहार जाणणारे पंच, आणि खर्च नाममात्र, ही त्यांची दिशा होती. लोकांना न्याय नको होता असे नाही. तो कळेल अशा रीतीने हवा होता.

दवंडीही पुरती गेली नाही. जमीन जप्त करताना त्या जागी ढोल वाजवून किंवा स्थानिक रिवाजाप्रमाणे पुकारा करावा आणि हुकुमाची नक्कल जमिनीवर व कोर्टाच्या इमारतीवर लावावी, असे दिवाणी कामकाजाच्या कायद्यात होते. १९०८ च्या सुधारलेल्या कायद्यातही ते राहिले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ग्याझेटातल्या अधिसूचनेचा गोषवारा त्या भागात सोयीच्या ठिकाणी जाहीर करण्यास सांगितले. म्हणजे एकटे ग्याझेट पुरत नाही, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. दुःख याचे वाटते की ढोल जप्तीच्या वेळी वाजे, दावा लागला तेव्हा नाही. कुणब्याला आवाजाची गरज पहिल्या दिवशी होती.

मुंबई शहरात निराळा प्रकार होता. १४ ऑगस्ट १८६२ रोजी हायकोर्ट सुरू झाले. जुने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती त्यात विलीन झाल्या. मोफसलच्या, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांतल्या, कोर्टांत मराठी, गुजराती, कानडी चाले, हायकोर्टात इंग्रजी. खालच्या कोर्टात मराठीत झालेली साक्ष अपिलात भाषांतर होऊन जाई. दुभाषी आणि भाषांतरकार यांच्या शब्दनिवडीवर माणसाचे घर टिकत वा बुडत होते. त्यांच्या कामाचा इतिहास लिहिला जायला हवा. न्यायाधीशांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मैलाला किती पै

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस मैल. नंतर सर्वांसाठी गाडी सुरू झाली तेव्हा तिसऱ्या वर्गाचे ठाण्याचे भाडे पाच आणे तीन पै होते. हिशेब केला की मैलाला बरोबर तीन पै येतात. पहिल्या वर्गाचे भाडे याच्या आठपट, दोन रुपये दहा आणे.

भाडे कोण ठरवी? १८४९ च्या कराराने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. बदल्यात भाड्याच्या दरांना सरकारची मंजुरी लागे. कंपनीचा नफा दहा टक्क्यांवर गेला तर दर कमी करण्यास सांगण्याची तजवीजही होती. उतारू या करारात पक्षकार नव्हता. हमीचे व्याज अखेर रयतेच्या करातून जाई, म्हणजे जो कधी गाडीत बसला नाही तोही भाड्याचा एक वाटा भरत होता. १८८७ मध्ये हिंदुस्थान सरकारने वर्गवार कमाल आणि किमान दर आखून दिले. त्या चौकटीत कंपन्या आपापले दर ठरवीत.

लोकांना दर कळण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा कागद म्हणजे १८९० चा रेल्वे कायदा. त्याची तीन-चार कलमे आजही वाचावीत अशी आहेत. प्रत्येक स्टेशनावर ठळक आणि सहज पोचता येईल अशा जागी वेळापत्रक आणि भाड्याचा तक्ता इंग्रजीत व त्या मुलुखातल्या चालू भाषेत लावायचा. डब्याच्या प्रत्येक खणात किती माणसे बसतील तो आकडा तेथेच लिहायचा. सर्वसाधारण नियमांची प्रत स्टेशनात ठेवायची आणि कोणी मागितली तर फुकट पाहू द्यायची. आणि सर्वांत बोलके कलम तिकिटाबद्दलचे: सर्वांत खालच्या वर्गाच्या तिकिटावर वर्ग, ठिकाण आणि भाडे त्या मुलुखातल्या मुख्य देशी भाषेत छापायचे, वरच्या वर्गांच्या तिकिटावर इंग्रजीत.

या शेवटच्या कलमात त्या काळचा समाज दिसतो. पहिल्या-दुसऱ्या वर्गात बसणारा इंग्रजी जाणतो, तिसऱ्या वर्गात बसणारा जाणत नाही, हे गृहीत धरून भाषा वर्गाप्रमाणे वाटली होती. तरी त्यातून एक भले झाले. खिडकीवरचा बाबू दोन आणे जास्त मागू लागला तर तिकिटावरचा मराठी आकडा उतारूच्या बाजूने उभा राही. स्वतःला वाचता आले नाही तरी रांगेतल्या कोणाकडून वाचून घेता येई. न्यायखात्याने ही साधी युक्ती समन्सच्या बाबतीत इतक्याच काटेकोरपणे केली असती तर सुप्याचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

तिकीट बोलू लागले, डबा मात्र बोलत नव्हता. खणातल्या माणसांचा आकडा लिहिलेला असे आणि माणसे त्याच्या दुप्पट कोंबलेली असत. खिडकी गाडी सुटायच्या थोडे आधी उघडे, मग झुंबड. रेल्वेच्या उतारूंत तिसऱ्या वर्गाचा वाटा सर्वांत मोठा होता, तरी तक्रारीची दाद लागायची त्याची जागा सर्वांत लहान. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले तेव्हा मुंबई ते मद्रास प्रवासाचे तेरा रुपये नऊ आणे त्यांनी आवर्जून नोंदवले, आणि पहिल्या वर्गाचे भाडे याच्या पाचपटीहून जास्त असताना सोयींतली तफावत कितीतरी अधिक असल्याकडे लक्ष वेधले. तक्त्यावरचा आकडा आणि डब्यातले वास्तव एकत्र मांडण्याची ही रीत अनुकरणीय आहे.

पंढरीच्या वाटेवर भाड्याच्या नोटिसांना वेगळा अर्थ येई. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची रीघ लागे. पण १८९७ हेच प्लेगाचे आणि साथीच्या रोगांच्या कायद्याचे साल. त्या कायद्याने सरकारला जाहीर नोटीस काढून तात्पुरते नियम लादण्याचा अधिकार दिला. साथीच्या काळात यात्रा भरवू नका, यात्रेच्या गावाची तिकिटे मिळणार नाहीत, अशा सूचना निघत. सूचनेचा हेतू जीव वाचवण्याचा होता. पण घरून निघालेल्या वारकऱ्याला ती स्टेशनावर कळली तर त्याचा अर्धा प्रवास वाया जाई. सूचना वेळेवर पोचणे हाही तिच्या न्याय्यतेचा भाग आहे.

मालाच्या भाड्याबद्दल थोडक्यात. बंदराकडे जाणाऱ्या कापसाला सवलत आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला चढा दर, ही हिंदी व्यापाऱ्यांची जुनी तक्रार. १८९० च्या कायद्याने गैरवाजवी पक्षपातास मनाई केली होती, पण दाद मागण्याचा मार्ग इतका लांब होता की थोडेच त्या वाटेने गेले. रेल्वेविषयीच्या १९२१ च्या अॅकवर्थ समितीनंतर १९२६ मध्ये दरांविषयी सल्लागार समिती आली. दरपुस्तके जाडजूड आणि इंग्रजीतच असत. तालुक्याच्या आडत्याला आपला दर दलालाकडून कळे.

गोव्याची बाजू

शेजारच्या गोव्यात सत्ता पोर्तुगीजांची होती, प्रश्न तोच. ‘गझेता द गोआ’ १८२१ मध्ये निघाले, सरकारी ‘बोलेतीं’ १८३७ पासून. राज्याची भाषा पोर्तुगीज, घरची कोंकणी, आणि नव्या काबिजादींतल्या (पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलुखातल्या) गावकारीचे पुष्कळ दप्तर मराठीत, तेही मोडीत. मधला पूल सरकारी भाषांतरकाराचा. सूर्याजी आनंदराव यांनी ते काम केले आणि मराठी-पोर्तुगीज कोशाचे व व्याकरणाचे ग्रंथही रचले. गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी आणि वहिवाटी १८८० च्या हुकुमाने संहितेच्या रूपात मान्य झाल्या. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहामुळे मुरगावची रेल्वे बांधली गेली. १९०२ पासून ती चालवण्याचे काम ब्रिटिश हद्दीतल्या कंपनीकडे गेले. एकाच गाडीतला उतारू घाट उतरला की दुसऱ्या राज्याच्या नियमाखाली येई. दोन सत्तांच्या सूचना शेजारी ठेवून वाचण्यासारखे याहून चांगले ठिकाण पश्चिम किनाऱ्यावर नाही.

निष्कर्ष

तिन्ही क्षेत्रे एकत्र पाहिली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. समुद्रावर खुणेची भाषा सर्वांची होती, म्हणून सूचना कळली; अपघात झाले ते नियम पाळले न गेल्याने आणि साधने अपुरी असल्याने. रेल्वेत भाषेची सक्ती कायद्यातच लिहिली होती, म्हणून भाड्याचा आकडा लोकांच्या हाती आला, जरी सोयी आल्या नाहीत. न्यायखात्यात वर्षानुवर्षे छापील कागदालाच ज्ञान समजले गेले आणि त्याची किंमत शेतकऱ्याने जमिनीने मोजली. ती किंमत दंग्यांतून दिसल्यावरच कायदा बदलला. इंग्रजी राज्याने नियम लिहून ठेवण्याची शिस्त आणली हे मान्य करावे लागते. नियम ज्याला लागू होतो त्याला तो कळवणे ही राज्याची जबाबदारी आहे, हे मात्र त्या राज्याने फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मानले.

हा प्रश्न १९४७ ला संपला नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, आणि ते योग्यच झाले. तरी कोर्टाच्या नोटिसा, भूसंपादनाच्या सूचना, बँकांच्या जप्तीच्या जाहिराती वाचताना जुन्या ग्याझेटातली अवघड वाक्ये आजही भेटतात. सूचना काढणाऱ्या प्रत्येक कचेरीने १८७९ च्या कायद्यातली एक गोष्ट तरी घ्यावी: कागदाबरोबर तो समजावून सांगणारा माणूस पाठवावा.

वाचकांना एक विनंती. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि पणजीच्या अभिलेखागारात या काळचे ग्याझेट आणि दप्तर जपून आहे. घराघरांतल्या जुन्या पेट्यांत पडलेले समन्स, डिक्रीच्या नकला, सावकाराची पासबुके, आगबोटीची आणि तिसऱ्या वर्गाची तिकिटे मात्र झपाट्याने रद्दीत जात आहेत. सरकारने कागद काढला याचा पुरावा दप्तरात आहे. तो आपल्या आजोबा-पणजोबांपर्यंत पोचला की नाही, याचा पुरावा तुमच्या माळ्यावर आहे. तो टाकू नका. वाचा, मोडी येणाऱ्याकडून वाचून घ्या, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला द्या.